हल्ली मुक्काम मोहने

१

इंग्रजी भाषेत एक वाङ्मयप्रकार असा आहे की ज्याची दखल समीक्षेने क्वचितच घेतली, आणि त्या प्रकारात लिहिणाऱ्यांनीही तशी अपेक्षा धरली नाही. एक गाव आणि त्या गावचे पॅरिश चर्च यांचा इतिहास, असे त्याचे ढोबळ वर्णन करता येईल. चर्चच्या दाराशी ठेवलेल्या वीस-पंचवीस पानी पुस्तिकेपासून १८९९ साली आरंभलेल्या 'व्हिक्टोरिया काउंटी हिस्टरी'च्या जाडजूड खंडांपर्यंत या प्रकाराचा पल्ला आहे. सेलबोर्न या आपल्या गावावरचे गिल्बर्ट व्हाइटचे १७८९ सालचे पुस्तक पक्षी-प्राण्यांच्या निरीक्षणांसाठी प्रसिद्ध असले, तरी त्याचा उत्तरार्ध त्या गावाच्या आणि तेथील धर्मस्थानांच्या प्राचीन अवशेषांना वाहिलेला आहे, हे सहसा विसरले जाते. या लेखनाची घडण ठरलेली असते. गावाच्या नावाची व्युत्पत्ती, १०८६ च्या डूम्सडे बुकातील उल्लेख, जमिनीची मालकी कोणाकडून कोणाकडे गेली त्याची हकिकत. मग चर्च, त्याच्या मनोऱ्याचा काळ, बाप्तिस्म्याचे दगडी पात्र, घंटा किती आणि त्यांवर कोणती साले कोरली आहेत, धर्मगुरूंची नामावली, भिंतीतील स्मृतिशिला. आणि अखेरीस जन्म, विवाह व दफन यांच्या वह्या.

मी इंग्लंडला गेलेलो नाही. तरीही हे लेखन मी गेली अनेक वर्षे आवडीने वाचत आलो आहे, आणि वाचताना जी भावना सतत सोबत करते तिला मत्सर हाच शब्द योग्य ठरेल. चार-पाचशे वस्तीच्या गावाला आपले आठशे वर्षांचे चरित्र सलग सांगता येते. मी राहतो ते मोहने हे कल्याणच्या उत्तरेला, उल्हास नदीच्या काठी, आंबिवली स्टेशनच्या आसऱ्याने वाढलेले गाव आहे. या गावाविषयी असेच चार पानी टिपण लिहावे म्हणून मी अनेकदा बसलो, आणि प्रत्येक वेळी दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याशी अडलो. हे अडणे केवळ माझ्या आळसाचे वा अज्ञानाचे नसून त्यामागे काही वाङ्मयीन आणि सामाजिक कारण असावे, असे वाटू लागले, तेव्हा हा शोध सुरू झाला.

२

वरवर पाहता इंग्रजी ग्रामेतिहास हा दगडांचा इतिहास वाटतो. मनोरा, कमान, खिडकी यांच्या वर्णनांनी त्याची पाने भरलेली असतात. पण त्याचा खरा पाया दगडाचा नसून कागदाचा आहे. आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने १५३८ साली आज्ञा काढली की प्रत्येक पॅरिशने एक वही ठेवावी, आठवड्यात झालेले बाप्तिस्मे, विवाह आणि दफने तीत दर रविवारी नोंदवावीत, आणि ती वही दोन कुलपांच्या पेटीत ठेवावी. एक किल्ली धर्मगुरूकडे, दुसरी गावच्या प्रतिनिधींकडे. नव्या कराची ही पूर्वतयारी असावी, अशी शंका लोकांनी घेतली होती. आज्ञेमागचा हेतू काहीही असो, परिणाम असा झाला की ज्याने आयुष्यात काहीही उल्लेखनीय केले नाही अशा माणसाचेही नाव, निदान येताना आणि जाताना, त्याच्याच गावात लिहिले जाऊ लागले. इतिहासाच्या दृष्टीने ही गोष्ट मनोऱ्यापेक्षा मोठी आहे. डब्ल्यू. जी. हॉस्किन्ससारख्या अभ्यासकाने विसाव्या शतकाच्या मध्याला स्थानिक इतिहासाला विद्येची प्रतिष्ठा मिळवून दिली, ती अशाच सामान्य कागदपत्रांच्या आणि शेताबांधांच्या वाचनातून.

या प्रकारातील एका गावाशी मराठी वाचकाचे नाते अगदी निकटचे आहे, म्हणून त्याचा उल्लेख विस्ताराने करतो. विल्टशर परगण्यात क्लिफ पायपर्ड नावाचा पॅरिश आहे. डोंगरकड्याच्या पायथ्याशी सेंट पीटरचे मध्ययुगीन चर्च, आणि पॅरिशच्या हद्दीत बुश्टन ही वाडी. या बुश्टनमध्ये सुमारे १५४९ साली टॉमस स्टीफन्सचा जन्म झाला, असे मानले जाते. हाच पुढे आपला फादर स्टीफन्स, 'ख्रिस्तपुराणा'चा कर्ता. १५७९ च्या एप्रिलमध्ये तो लिस्बनहून निघाला, ऑक्टोबरमध्ये गोव्यात उतरला, आणि १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत सुमारे चाळीस वर्षे, प्रामुख्याने साष्टीत, राहिला. गोव्याला पोचल्यावर वडिलांना लिहिलेले त्याचे पत्र हॅक्लुटच्या प्रवाससंग्रहात छापलेले आहे.

स्टीफन्सचे बालपण ज्या वर्षांत गेले ती वर्षे इंग्लंडच्या गावोगावच्या चर्चसाठी विलक्षण होती. १५४९ मध्ये लॅटिन उपासना बंद होऊन इंग्रजी प्रार्थनापुस्तक आले. १५५३ नंतर मेरी राणीच्या काळात लॅटिन परत आली. १५५९ मध्ये एलिझाबेथने पुन्हा इंग्रजी लागू केली. म्हणजे हा मुलगा दहा वर्षांचा होईतो देवाशी बोलण्याची भाषा राजाज्ञेने तीनदा बदलली होती. ज्यांना अखेरचा बदल मानवला नाही अशांपैकी तो एक. जुन्या पंथाला धरून राहण्यासाठी त्याने गावच नव्हे, देशही सोडला आणि १५७५ साली रोममध्ये जेझुइट संघात प्रवेश केला. गावाच्या वहीत सर्वांची नावे असतात हे म्हणणे म्हणूनच सावधपणे करावे लागते. जो पंथ बदलतो, किंवा बदलत नाही, त्याची जागा वहीच्या कडेला असते.

३

ज्या साष्टीत स्टीफन्स कामाला लागला ती नुकतीच उलथापालथ सोसून उठली होती. १५६७ साली तेथील देवळे मोठ्या संख्येने पाडली गेली होती. कुशस्थळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा यांना त्यांच्या भक्तांनी नदीपलीकडे, आजच्या फोंडे महालाच्या भूमीत नेऊन ठेवले होते. गावे जागच्या जागी राहिली, त्यांची दैवते गावाबाहेर गेली. मागे उरलेल्या आणि बाप्तिस्मा घेतलेल्या लोकांसाठी गावोगाव चर्चे उभी राहिली, आणि त्यांबरोबर युरोपातील पॅरिशची पद्धतही आली: तीच घंटा, तीच नोंद. मात्र इथे नोंद होणे याचा अर्थ वेगळा झाला. वहीत नाव चढत होते ते नवे नाव होते. माणूस नोंदीत आला त्याच क्षणी त्याच्या आजा-पणज्याचे नाव नोंदीबाहेर पडले.

'ख्रिस्तपुराण' या पोकळीत जन्मले. जुनी पुराणे वाचण्यास बंदी झालेल्या नवख्रिस्ती श्रोत्यांना त्यांच्या सवयीचे काहीतरी द्यावे, ही मागणी त्या ग्रंथातच एका ब्राह्मण श्रोत्याच्या तोंडी आलेली आहे. स्टीफन्सने सुमारे अकरा हजार ओव्यांतून ती पुरी केली, आणि मराठीची थोरवीही गायिली. ज्याच्या गावात उपासनेची भाषा हुकमाने बदलत होती, त्या माणसाने दुसऱ्याच्या भाषेशी असे अदबीने वागावे, या गोष्टीचा अन्वय लावताना मला त्याचे बालपण आठवल्याशिवाय राहत नाही. हा केवळ माझा तर्क आहे. पण तो मला सोडता येत नाही. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेवरच निर्बंध घातले, तेव्हा त्या अदबीला राज्यकर्त्यांच्या लेखी काही किंमत उरली नाही.

त्या ग्रंथाचे पुढे जे झाले ते आणखी बोलके आहे. १६१६, १६४९ आणि १६५४ या तिन्ही मुद्रित आवृत्त्यांची एकही प्रत उपलब्ध नाही. ग्रंथ टिकला तो गोवा सोडून दक्षिणेत गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांच्या हस्तलिखितांत. त्यांच्या आधारे १९०७ साली जोसेफ सालढाणा यांनी तो मंगळूरला छापला. त्याचे एक देवनागरी हस्तलिखित लंडनमध्ये, मार्सडेनच्या संग्रहात निघाले. साष्टीत, साष्टीच्या लोकांसाठी लिहिलेला मराठी ग्रंथ शोधायचा तर मंगळूर आणि लंडन गाठावे लागते. गावाचा कागद गावात राहत नाही, या अनुभवाची ही पहिली ठळक खूण मला इथे सापडली.

दुसरी खूण आमच्याच ठाणे भागातली. वसई ते ठाणे या पट्ट्यात सोळाव्या-सतराव्या शतकांत अनेक पॅरिश चर्चे झाली आणि त्यांतली कित्येक आजही नांदती आहेत. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली, आणि विजयाची खूण म्हणून चर्चच्या घंटा घाटावर नेण्यात आल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातील घंटेवर १७२१ साल आहे, भीमाशंकरच्या घंटेवर १७२९, आणि वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्याजवळ टांगलेल्या घंटेवर १७०७ साल व बाळ येशूसह मेरीची आकृती. इंग्रजी ग्रामेतिहासकार गावच्या घंटेवरचे साल वाचण्यासाठी शिडी लावून मनोऱ्यावर चढतो. वसईच्या गावाला तेच साल वाचायचे तर सह्याद्री चढून जावे लागते. त्या घंटा तिथे नीट सांभाळल्या गेल्या, रोज वाजतात, भक्तांना त्यांचा नाद परका वाटत नाही. हेही खरे, आणि ज्या गावाचे दिवस त्या मोजत होत्या ते गाव त्यांना पारखे झाले हेही तितकेच खरे.

४

आता मराठी परंपरेकडे पाहिले तर असे दिसते की गावाबाहेरची ही वही ख्रिस्ती गावांपुरती मर्यादित नाही. ती आपली जुनीच रीत आहे. मोहन्याजवळचे प्रसिद्ध प्राचीन देऊळ अंबरनाथचे. तेथील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे १०६० च्या सुमाराचा. नॉर्मन लोक इंग्लंडात उतरण्याच्या आधीचा. पण तो शिलाहार राजाचा आणि त्याच्या अधिकाऱ्यांचा लेख आहे. देवळाच्या सावलीत राहणाऱ्या गावकऱ्याचे नाव त्यात असण्याचे कारण नाही. कल्याणच्या साध्या माणसाचे नाव वाचायचे असेल तर त्याहून हजार-आठशे वर्षे मागे आणि कल्याणबाहेर, कान्हेरीला जावे लागते. सामिदत नावाच्या कल्याणच्या एका सोनाराने तिथे भिक्खूंसाठी पाण्याचे टाके दिले, आणि ते दान दगडात कोरले गेले. कल्याणला सहाव्या शतकात बिशप होता, ही माहितीही मिळते ती कॉस्मस या अलेक्झांड्रियाच्या व्यापाऱ्याच्या लेखनातून, आणि त्याने सांगितलेले 'कल्लियाना' म्हणजे आपले कल्याणच, हे बहुतेकांनी मानले असले तरी सर्वांनी नाही. ऑगस्टिन कँटरबरीला पोचला ५९७ साली. म्हणजे इंग्लंडला पहिला आर्चबिशप मिळण्याच्या अर्धशतक आधी कल्याणला बिशप असावा. पण कल्याणच्या मातीत त्याचे एक अक्षरही नाही.

लेखी परंपरेत 'महिकावतीची बखर' हाच काय तो उत्तर कोकणाचा जवळचा आधार. राजवाड्यांनी ती १९२४ साली प्रसिद्ध केली. तिच्यातील सर्वांत जुना भाग पंधराव्या शतकाच्या मध्याचा आहे. कुळे, गोत्रे, वतने यांच्या याद्या तीत आहेत. वतन नसलेल्याला जागा नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' १९१५ सालचा. मराठी गावाविषयी इतक्या जाणकारीने लिहिलेले दुसरे पुस्तक दाखवणे कठीण. पण त्यातले गाव कोणतेही गाव आहे. तिथे पाटील, कुलकर्णी, सुतार, महार हे हक्क आणि कामे म्हणून येतात, नावे म्हणून येत नाहीत. पुढे ग्रामीण कथा-कादंबरीने गावाला माणसे दिली. पण कादंबरीतले नाव हे मुळात लपवलेले नाव असते. 'बनगरवाडी' १९५५ मध्ये ग्रंथरूपाने आली आणि एका धनगरवाडीचे चरित्र होण्याच्या अगदी जवळ गेली. तरी ती कादंबरी म्हणूनच आली. आपल्याकडे गावाने साहित्यात प्रवेश केला तो कल्पिताच्या दाराने, आणि इतिहासाचे दार बंदच राहिले, याचे कारण केवळ लेखकांची रुची असे मला वाटत नाही. ज्या वहीवर असा इतिहास उभा राहतो ती वही गावात नव्हती.

ती कुठे होती, हे मला वडिलांच्या मृत्यूनंतर कळले. काकांबरोबर त्र्यंबकेश्वरी गेलो तेव्हा क्षेत्रोपाध्यायांनी प्रथम आडनाव विचारले आणि मग गाव. मी 'मोहने' म्हणालो. "ते नव्हे, मूळ गाव," ते म्हणाले. काकांनी पाटण तालुक्यातले आमचे गाव सांगितले. आतल्या खोलीतून लांबट, लाल कापडात बांधलेली वही आली. पाने उलटत ते मागे गेले, देवनागरी संपून मोडी सुरू झाली, आणि माझ्या खापरपणजोबांचे नाव त्यांनी वाचून दाखवले. त्यांच्याबरोबर आलेल्या भावाचे, त्यांच्या मुलांचेही. आमच्या गावात ज्याचा मागमूस नाही असा माणूस सह्याद्रीच्या या टोकाला एका वहीत बसून होता. मग त्यांनी आमची नोंद केली. मूळ गावाखाली वडिलांचे नाव, माझे नाव, मुलांची नावे, आणि ओळीच्या शेवटी: हल्ली मुक्काम मोहने. मला सही करायला सांगितली.

क्षेत्रोपाध्यायांच्या या वह्या आमच्या पॅरिशच्या वह्या आहेत, असे त्या दिवशी मनाशी म्हणालो. ते अर्धेच खरे होते. ज्याला तीर्थाला जाणे परवडले त्याचे नाव तिथे आहे. ज्याला तीर्थाच्या घाटावर उभे राहू दिले नाही त्याचे नाही. आंबिवलीच्या टेकड्यांवरचा कातकरी कोणत्याच वहीत नाही. क्रॉमवेलच्या आज्ञेने गावात मेलेल्या भिकाऱ्याचेही दफन नोंदवले गेले; आमच्या वहीला तसे बंधन नव्हते. आणि तिच्यात माझी पत्नी, माझी आई कुठे आहेत, हे विचारायचे मला त्या वेळी सुचले नाही. नंतर काकूने विचारले.

५

'हल्ली मुक्काम' हे शब्द तेव्हापासून मनात राहिले आहेत. माझ्या वडिलांनी मोहन्यात छत्तीस वर्षे काढली, ते इथेच वारले. तरी वहीच्या दृष्टीने ते मुक्कामाला होते. मोहन्यातल्या हजारो कुटुंबांची हीच स्थिती आहे.

या गावाचे दोन भाग आहेत. नदीकाठचे जुने गावठाण, प्रामुख्याने आगरी वस्तीचे, त्याची गावदेवी, त्याच्या जत्रा. आणि कारखान्यामुळे आलेले आम्ही. १९४६ साली स्थापन झालेल्या नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनने इथे कारखाना काढला. लाकडाच्या लगद्यापासून रेयॉनचा धागा काढायचा तर पाणी मुबलक लागते. उल्हास नदी शेजारीच होती आणि रेल्वेही. घाटावरून, कोकणातून, उत्तरेतून, दक्षिणेतून माणसे आली. वसाहत झाली. कोणाचा गणपती, कोणाचा अय्यप्पा, कोणाची रामलीला. या सर्वांना एका आवाजात बांधणारे काही असेल तर तो भोंगा होता. पाळी बदलण्याच्या भोंग्यावर आई भात चढवीत असे, शाळेची पोरे उठत, आणि गावठाणातल्या ज्या घरांचा कारखान्याशी संबंध नव्हता त्यांचीही घड्याळे त्यावरच लागत. एका घंटेच्या टप्प्यात येणारी वस्ती ती पॅरिश, ही व्याख्या मान्य केली तर मोहने ही भोंग्याची पॅरिश होती.

आणि तिची वहीही होती: हजेरीपट. तीत जात नव्हती, मूळ गावही दुय्यम होते. टोकन नंबर, नाव, खाते, पाळी. माझ्या वडिलांसारख्यांचे मोहन्यात असणे 'मुक्काम' म्हणून न नोंदवता रोजच्या रोज नोंदवणारा कागद असा तो एकच. पण तोही गावाचा नव्हता. २००९ साली कारखाना बंद पडला. नंतर यंत्रे गेली, गेल्या काही वर्षांत तेथील बरीच बांधकामेही पाडली गेली. भोंग्याची आठवण सांगणारे भेटतात, हजेरीपट मात्र कोणाच्या स्वाधीन आहे हे सांगणारा मला भेटलेला नाही.

इंग्रजी ग्रामेतिहासाचा मी मत्सर का करत होतो, हे आता जरा नेमकेपणाने सांगता येईल. त्यांची चर्चे सुंदर आहेत म्हणून नव्हे. तशी सुंदर देवळे आपल्याला आहेत. त्यांच्या गावाने आपल्या माणसांची नावे आपल्याजवळ ठेवली, हे त्याचे कारण आहे. आणि तरीही त्या वह्या वाचून गावाची गोष्ट जगाला सांगणारा पुष्कळदा बाहेरून आलेलाच असतो. इंग्लंडच्या इमारतींचे सेहेचाळीस खंड सिद्ध करणारा निकोलाउस पेव्हस्नर लाइपझिगमध्ये ज्यू कुटुंबात जन्मला, नाझी राजवटीमुळे त्याला जर्मनी सोडावी लागली. आज तो क्लिफ पायपर्डच्याच चर्चच्या आवारात विसावला आहे. ज्या गावातून आपला स्टीफन्स निघून गेला, तिथे एक परका येऊन गावकरी झाला. हल्ली मुक्काम असलेल्या माणसालाही गावाचा इतिहास लिहिण्याचा अधिकार असतो, हा धीर मला या योगायोगाने दिला.

गेल्या वर्षीपासून आम्ही चौघे-पाचजण एक वही लिहीत आहोत. कारखान्यात टाइमकीपर असलेले एक वृद्ध गृहस्थ आमचा मुख्य आधार. त्यांना खातेवार टोकन नंबर पाठ आहेत. नंबर म्हणतात, क्षणभर थांबतात, आणि नाव येते. नावामागून तो माणूस कुठून आला आणि बंदनंतर कुठे गेला ते. नंबर न लिहिता नुसते नाव लिहू लागलो तेव्हा त्यांनी हात धरला; नंबर आधी लिहा, त्याशिवाय मला पुढचा आठवायचा नाही, म्हणाले. गावठाणातल्या एका आजींकडून सुनांची आणि माहेरांची नावे येतात, ती कोणत्याच जुन्या वहीत नव्हती. टेकडीवरच्या पाड्यावर अजून जायचे आहे. आजवर सहाशे बारा नावे झाली. वही कोठे ठेवावी यावर मात्र एकमत नाही. गावदेवीच्या देवळात, की वाचनालयात? मी दोन कुलपांची पेटी सुचवली आहे. एक किल्ली गावठाणात, एक आमच्याकडे. पेटी कोणी करायची, हे पुढच्या रविवारी ठरेल.